बाबांच्या तोंडातली वाळू

१

राख सावडून आल्यावर माझ्या भावाने, मंदारने, चपला न काढताच सांगितलं की उद्या सकाळी तो पोलीस ठाण्यात जाणार आहे. बाबांना शेजारच्या कशफने मारलं, असं त्याचं म्हणणं होतं.

मी ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारेगावच्या कॉलेजात पेशीचं आवरण शिकवत होते. फोन ठेवला, अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, फळा पुसला आणि यवतमाळची एसटी पकडली. तेव्हापासून मी तशीच होते. लोक गळ्यात पडून रडत, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवी. मावशी कोणाला तरी म्हणाली, "अनघा तर दगड झाली." दगडाला निदान ऊन तरी लागतं.

"तू ऐकतेयस ना, ताई?" मंदार म्हणाला.

"ऐकतेय. बोल."

गुरुवारी दुपारी आई दत्ताच्या देवळात गेली होती. घरात बाबा एकटे. बाबांना जुना मधुमेह, इन्सुलिन चालू, हृदयही दुबळं. अशा माणसाची साखर एकाएकी उतरली की दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, आणि ताबडतोब काहीतरी गोड पोटात जावं लागतं. बाबांनी खिडकीतून हाक मारली. शेजारच्या रहेमानभाईंची मुलगी कशफ धावत आली. ती नर्स आहे. तिने लिंबाचं सरबत करून दिलं. बाबांनी घोट घेतला आणि थुंकला. तिने पुन्हा दिलं, त्यांनी हात मारून ग्लास उडवला. ते ऐकेनात म्हणून तिनेच पुण्याला मंदारला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा मला काय म्हणाले, माहितीय?" मंदारचा आवाज चढला. "म्हणाले, 'मंदार, या सरबतात साखर नाही, नुसतं खारं-आंबट पाणी हाय. अन् आता हे पोट्टी मले वाळू चारून राह्यली.' वाळू, ताई! मग फोन बंद झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. बाबांनी जन्मभर कोर्टात लोकांच्या साक्षी लिहून घेतल्या. ते आयुष्यात कधी खोटं बोलले?"

नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारायला आला तरी ते भाजी अळणी आहे म्हणून तोंडावर सांगत. या खरेपणापायी आमचे निम्मे नातेवाईक तुटले होते.

"तिला सरकारी दवाखान्यात नोकरीची ऑर्डर आलीय," मंदार म्हणाला. "आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिलीय. बघतो मी ती कशी नोकरीला लागते ते."

मी उठले. कशफ शाळेत असताना आमच्याच ओट्यावर बसून माझ्याकडून विज्ञान शिकली होती. उद्या सकाळपर्यंत काही हाती लागलं नाही, तर तिचं सगळं शिक्षण पाण्यात जाणार होतं.

२

रहेमानभाईंचं गॅरेज बंद होतं. आमच्याकडे मयत झाली म्हणून त्यांनी ते उघडलंच नव्हतं. घरात कशफ भिंतीला टेकून बसली होती आणि तिची आजी सुग्राबी तांदूळ निवडत होती. या दिवसांत आमची चूल बंद, म्हणून दोन्ही वेळचा चहा आणि रात्रीचा भात त्यांच्याकडून येत होता. मंदार तो भात खात होता आणि त्याच घरच्या मुलीवर तक्रार करायला निघाला होता.

"सरबतात साखर होती?" मी सरळच विचारलं.

"होती ना, ताई. भरपूर घातलती. मी स्वतः चाखून पाह्यलं, घशाले बिलगन इतकं गोड होतं."

"मग बाबा थुंकले काहून?"

"तेच मले समजून नाही राह्यलं." तिचे डोळे सुजले होते. "पह्यला घोट घेतला अन् म्हणाले, 'साखर कुठी हाय यात?' मले वाटलं, साखर उतरली का माणूस चिडचिड करते, तसं असन. दुसरा ग्लास केला, तो त्याईनं उडवला. गादीवर सांडला सारा. मग मी कोरडी साखर बोटावर घेऊन त्याईच्या गालाच्या आतून चोळली. आम्हाले तसंच शिकवते. तवा ते म्हणाले, वाळू."

"आणि तो ग्लास? सरबताचं भांडं?"

"तुमच्या घरच्या बायाईनंच धुतले ना."

बरोबर होतं. मयत घरात आली की आमच्याकडे भरलेलं पाणी ओतून देतात आणि घरातली भांडी न् भांडी घासून काढतात. माझ्या मावश्यांनी रडत रडत साखरेची बरणीसुद्धा विसळून पालथी घातली होती. चोरानेही इतका चोख पुरावा पुसला नसता.

"मंदारशी बोलताना बाबा अजून काही बोलले?"

कशफने मान खाली घातली. "त्या दोघाईचं बोलणं होतं. मी नाही सांगणार." मग वर पाहून म्हणाली, "ताई, तुम्हाले काय वाटते? मी मुद्दाम केलं?"

"मला काही वाटत नाही," मी म्हणाले.

मला म्हणायचं होतं की मला सध्या कशाचंच काही वाटत नाही. तिने ते वेगळं घेतलं. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला, खुलासा करायला हवा हेही कळलं, पण तोंड उघडायची ताकद नव्हती.

सुग्राबीने सूप खाली ठेवलं. "नंदकिशोरभाऊ झूठ बोलनारे नव्हते," ती म्हणाली. "अन् माही कशफ बी झूठ बोलत नाही. तू शिकलेली हाय ना? मंग सांग, दोघं बी सच्चे कसे?"

३

बाहेर पडले तर समोरच्या घरात राहणारा उकंडा आमच्या अंगणात उभा. एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. बाबांची संध्याकाळची चक्कर त्याच्याच सोबतीने व्हायची.

"अनघा, ते गादी उचला बाप्पा," तो म्हणाला. "मुंग्याईनं माखली पुरी. माह्या ओट्यावर येऊन राह्यल्या."

बाबांची गादी कोणाला तरी देऊन टाकायची म्हणून कुंपणाशी ठेवली होती. मधोमध वाळलेला मोठा डाग होता आणि त्यावर मुंग्यांची गर्दी. साध्या मीठ-लिंबाच्या पाण्याला मुंग्या असा जीव टाकत नाहीत. म्हणजे कशफ खरं बोलत होती.

मी मंदारला हाक मारून दाखवलं. त्याने पाहिलं आणि खांदे उडवले.

"नंतर कोणी ओतली नसेल कशावरून? रात्रभर गादी बाहेरच आहे. आणि साखर होती, तर मग बाबा खोटं बोलले का? तेवढं सांग."

तेवढंच मला सांगता येत नव्हतं. तो आत गेला.

उकंडा घुटमळत होता. "गेल्या माणसाबद्दल बोलू नाही," तो म्हणाला, "पण मले लय लागलं ते. त्याच दिवशी दुपारी मी पेढे घेऊन गेलतो. नातवाचा निकाल लागला ना. तुले तं माहीतच हाय, नाही नाही म्हणत तुकडा तोंडात टाकाचेच ते. पण त्या दिवशी तोंड वाकडं केलं अन् म्हणाले, 'उकंडा, पेढे पिठाचे आणले का रे?' अस्सल खव्याचे होते, पोरी! साऱ्या गल्लीनं खाल्ले. कोणी नाव नाही ठेवलं."

"ही किती वाजताची गोष्ट?"

"विडा चघळत बसलते ते. आई तुही देवळात गेलती, तिच्या मागंच मी गेलो."

"याआधी कधी असं बोलले होते?"

"अवं, दिवाळीपासून तेच तं चालू होतं. चौकातल्या जिलबीवाल्याशी भांडले, का तू पाकात पाणी घालतो. मग बालूशाही खाऊन पाह्यली, तेही फिकी. शेवटी गोडच सोडलं त्याईनं."

ते मलाही ठाऊक होतं. महिनाभर बाबांचे फोन यायचे: यवतमाळातले सगळे हलवाई बिघडले, बापजाद्यांचं नाव घालवतात. मी हसून सोडून द्यायची. मागच्या तपासणीला साखर छान खाली आली म्हणून डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली होती. सरबतात गोडी नाही, पेढ्यात नाही, जिलबीत नाही. इतक्या लोकांनी मिळून एका म्हाताऱ्याविरुद्ध कट केला असेल, तर मंदारला पोलीस ठाण्यात बरीच नावं लिहून द्यावी लागणार होती.

४

घरात आले तेव्हा आई माजघरात पानाचा डबा घेऊन बसली होती. समोर ओलं फडकं. रोज याच वेळी ती बाबांसाठी विडा लावायची. आताही तिने पान पुसलं, चुना लावला, कात लावला, सुपारी टाकली, फडक्यातलं आणखी काहीतरी आत सरकवलं, घडी घातली, लवंग टोचली. मग विडा हातात धरून तशीच बसून राहिली.

मला ते पाहवेना, असं मी म्हटलं तर खोटं होईल. मला पाहवत होतं. पण कोणीतरी तो विडा घ्यायला हवा होता. मी घेतला आणि तोंडात टाकला. जरा कडवट लागला, पालेभाजीसारखा काहीतरी वास आला. पानं जून असतील म्हणून मी तो चावून चावून संपवला आणि चूळ भरली.

तेवढ्यात रहेमानभाईंकडून चहाची किटली आली. मी कप घेतला, घोट घेतला. गरम लागला, दुधाळ लागला, किंचित तुरट लागला, पण गोड मुळीच नाही. दुसरा घोट घेतला, तोही तसाच. मला वाटलं, दुःख म्हणतात ते हेच असावं. डोळ्यांतून येत नाही तर निदान जिभेतून आलं. मला उगाचच जरा बरं वाटलं की आपण अगदीच दगड नाही.

मंदारने आपला कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"काय हे! चहा आहे की पाक? केवढी साखर घातलीय."

माझा कप हातातच राहिला.

"पुन्हा पी," मी म्हणाले.

"काय?"

"मंदार, पुन्हा पी आणि नीट सांग. गोड आहे?"

"मिट्ट गोड आहे. तुला काय झालं?"

मी स्वयंपाकघरात गेले. पालथी बरणी, रिकामे डबे. शेवटी देवाजवळच्या वाटीत खडीसाखर सापडली. एक खडा दाताखाली फोडून जिभेवर फिरवला.

वाळू लागली.

५

मी दार लोटलं आणि आईसमोर बसले. डब्यातलं ओलं फडकं उलगडलं. विड्याच्या पानांखाली दुसरा पाला होता, लहान लहान पानं, अंगावर बारीक लव. हा वेल आमच्या भागातल्या जंगलात होतो. एम.एस्सी.ला असताना आम्ही तो प्रयोगशाळेत चघळून, वर साखर खाऊन एकमेकांची तोंडं बघत हसलो होतो. त्याला गुडमार म्हणतात.

"हा कुठून आणला, आई?"

"बजारातून." आईने डोळे पुसले. "सोनीबाई बसते ना पालापाचोळा घेऊन, तिच्यापासून. म्हणे हा चघळला का गोडावरून मन उडते. हे तं चोरून गूळ खात. दिवाळीत बुंदीचा डबा पुरा फस्त केला. मी किती भांडू? त्याईले सांगून देल्ला असता तं खाल्ला असता का? म्हणून विड्यात घालत होती, फिरायले जाच्या आधी. गुरुवारी देवळात जाचं होतं म्हणून दुपारीच देल्ला." तिच्या ओल्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान चमकला. "उतरली का नाही साखर? डॉक्टर बी म्हणाले, नंदकिशोरराव, कमाल केली."

मी मान हलवली. आता सगळं सरळ होतं, आणि ते मला फळ्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं.

साखर जिभेच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणात एक प्रथिन रुतलेलं असतं, त्याचं एक टोक बाहेर, एक आत. साखर बाहेरच्या टोकाला चिकटली की ते प्रथिन वळतं, आतलं टोक हलतं, आतल्या प्रथिनांना निरोप मिळतो, आणि तो मेंदूपर्यंत जातो की हे गोड आहे. गुडमारचा रस त्या प्रथिनाचा आवरणात रुतलेला भागच धरून बसतो. मग वरून साखरेचं पोतं ओता, प्रथिन हलत नाही. खाऱ्या-आंबटाची प्रथिनं वेगळी, त्यांचं काम चालूच राहतं. म्हणून बाबांना सरबत खारं-आंबट लागलं, पेढा पिठाचा लागला आणि साखर वाळूसारखी लागली. काही वेळाने परिणाम उतरतो, पण तेवढा वेळ त्या दुपारी त्यांच्याकडे नव्हता.

इन्सुलिनचंही असंच आहे. तेसुद्धा बाहेरूनच आवरणातल्या एका प्रथिनाला सांगतं, साखर आत घ्या. तो निरोप मात्र रोज पुऱ्या मापाने जात होता. बाबांचं गोड सुटलं होतं, साखर आधीच उतरलेली होती, आणि इंजेक्शन कोणी कमी केलं नव्हतं, कारण पाल्याबद्दल डॉक्टरांना कोणी बोललंच नव्हतं.

गुन्हा नव्हताच. कोणी खोटंही बोललं नव्हतं. बाबांनी जे लागलं ते सांगितलं, कशफने जे घातलं ते सांगितलं. आणि घरातल्या ज्या माणसाचं त्यांच्यावर सगळ्यांत जास्त प्रेम, तिने मधे एक पान घातलं होतं.

"काहून विचारतं पाल्याचं?" आई म्हणाली.

तिला अजून कळलं नव्हतं. कशफला सोडवायचं तर मंदारला हे सांगावं लागणार होतं, आणि मंदारला सांगितलं की ते आईपर्यंत पोचणार होतं.

"सहज," मी म्हणाले, आणि त्यातली चार पानं पदरात लपवून उठले.

६

सकाळी मंदार ठाण्यात जायला निघाला तेव्हा मी त्याला ओट्यावर अडवलं. पानं हातावर ठेवली.

"ही चघळ. मग जिथं जायचं तिथं जा."

तो चिडला, पण मोठ्या बहिणीपुढे त्याचं अजून फार चालत नाही. पानं चघळली, चूळ भरली. मी देवाजवळची खडीसाखर त्याच्या तोंडात घातली. त्याने जीभ फिरवली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वाळू," तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं, आईचं नाव तेवढं सोडून. तो ओट्याच्या पायरीवर बसला.

"ताई, मी फोनवर काय म्हणालो, कशफने तुला सांगितलं?"

"नाही."

"मी म्हणालो, बाबा, साखर नसेल तर पिऊ नका. आई येऊ द्या." त्याचा आवाज फाटला. "ती मागून ओरडत होती, मंदारभाऊ, त्याईले पेयाले सांगा. आणि मी म्हणालो, तू गप."

म्हणजे हे होतं त्या रागाच्या तळाशी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण पाला बाबांना दिला कोणी?"

"त्यांनीच आणला असेल कुठून तरी," मी म्हणाले. "बोरी अरब गावाला गेले होते ना लग्नाला."

"मी देत होती."

आई दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे. तिने पदर खांद्यावर घेतला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुंदा, कुठी चालली?" आतून मावशी ओरडली. "सुतकात कोणाच्या दारी जात नाहीत!"

आई थांबली नाही. आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. रहेमानभाईंच्या दाराशी ती उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर. रहेमानभाई लगबगीने उठले, सुग्राबी "या, या" म्हणाली, पण ती आत गेली नाही.

"कशफ," ती म्हणाली, "त्याईच्या विड्यात पाला मीच घालत होती, बेटा. म्हणून त्याईले तुवं सरबत गोड नाही लागलं. तुवा काही दोष नाही. कोणी विचारलं तं मी सांगन."

"माझी चूक झाली," मंदार म्हणाला. "मी कुठेही जात नाहीये. माफ कर मला."

कशफने डोळे मिटले, आणि रहेमानभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एकच सांग मले," आई म्हणाली. "तू नर्स हाय, तुले समजते. त्याईनं ते सरबत पेलं असतं, तं वाचले असते का?"

उत्तर मला माहीत होतं. बाबा शुद्धीवर होते, भांडत होते, ग्लास उडवण्याइतका हातात जोर होता. अर्धा ग्लास पोटात गेला असता तर आई देवळातून परत येईपर्यंत ते खुर्चीत बसून पेपर वाचत असते. कशफला हे माझ्याहून जास्त माहीत होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मंदारकडे.

"नाही, काकू," ती म्हणाली. "तवा उशीर झालता. काकांच्या हार्टवर आलतं आधीच. सरबतानं काहीच नसतं झालं."

आईने मान वळवून मला विचारलं, "खरं?"

"हो, आई," मी म्हणाले. "उशीर झाला होता."

तिने मोठा श्वास सोडला. मंदारने तोंड भिंतीकडे केलं. सुग्राबी पुढे आली, आईचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली, सुतक-बितक काही न विचारता.

मी तिथेच उभी होते आणि मला रडू आलं. छातीतून असं उसळून आलं की उभं राहवेना, गॅरेजच्या शटरला धरून मी बाबा बाबा म्हणत रडत राहिले. कशफ जवळ आली. तिचेही गाल भिजले होते.

"ताई, इथंच रडून घ्या सारं," ती हळू आवाजात म्हणाली. "आत काकूसमोर नका रडू. त्याईले समजन."